तुमचा ऊस कावून तुटला न्हाई

तीर्थरूप मोहनकाकांच्या पायावर पुतण्या धर्मराजचं डोकं. (मी आधी 'डिअर काका' लिहिलतं. आई म्हणली, डिअर तुझ्या दोस्ताला म्हण, काकाला दंडवत घाल.) गुडघा कसा हाय? कर्नाटकात गारठा लई असतो म्हणे, आन कारखान्यात बॉयलरजवळ उभं राहून बाहेर आलं की गुडघा धरतो, असं काकू सांगत होती. तेल लावत जा. इकडं सगळे मजेत हायत. म्हणजे असं लिहायची पद्धत हाय म्हणून लिहिलं, पुढचं वाचा.

फोन सोडून पत्र कावून, असं तुमाला वाटंल. तर तुमी फोन स्पीकरवर टाकता आन तुमच्या खोलीतले सगळे ऐकतात. त्यात तुमी "बोल बे धर्मा" म्हणलात की माझं निम्मं अवसान तिथंच गळतं. पत्रात तुमाला मधी बोलता येत न्हाई, हा पत्राचा लई मोठा फायदा हाय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. इंग्लिश मीडियमला मी स्वतःहून गेलो न्हाई, तात्यांनी घातलतं.

परवा तुमी काकूला विचारलंत की ऊसतोडीची टोळी फडावर येऊन परत कशी गेली, आपला ऊस कावून तुटला न्हाई, आन काकू म्हणली माझ्याच्यानं सांगवत न्हाई, धर्माला विचारा. मी तवा म्हणलो रेंज न्हाई. रेंज होती.

तर त्याचं असं झालं. मला रायफलचा नाद हाय हे तुमाला ठाऊकच हाय. आपल्या घरात दुनळी बंदूक असून मला ती नीट हाताळायला मिळाली न्हाई, कारण निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करावी लागते, आन आपल्याकडं एक निवडणूक संपली की दुसरी लागते. तात्या म्हणतात बंदूक आपली, सवय हवालदाराची. मग मी छऱ्याची घेतली. तिला लायसन लागत न्हाई. वर स्कोप बसवला. लई गुणाची बंदूक हाय काका, बांधावर डबडं ठेवून मारलं की असा टण्णकन आवाज येतो, जीव खूश होतो. तात्या तिला 'जत्रंतली फुगेवाली' म्हणतात. म्हणू द्या.

आता अमेरिकेत लोक सुट्टीच्या दिवशी कोल्ह्यासारखं एक जनावर मारायला जातात, कायोट म्हणतात त्याला, आपल्या कोल्ह्याचा दांडगा चुलतभाऊ समजा. मी त्याचे व्हिडिओ बघतो. (बघत होतो.) ते त्याच्यामागं पळत न्हाईत. जाळीचे कपडे घालून गप पडून राहतात आन पुढं एक डबा ठेवतात, त्यातून जखमी सशाचं ओरडणं वाजवतात. जनावर आपल्या पायानं चालत येतं. मला वाटलं, आपल्या मोहनकाकांचा ऊस कोल्हे चघळून टाकतात, काका तिकडं लांब, तर पुतण्यानं एवढं तरी करावं. खरं सांगायचं तर मला फकस्त डबा वाजवून बघायचा होता, तुमचं नाव मी मागनं घातलं.

डब्याचं काम कडा गावच्या जाकीरनं केलं. तोच, ज्याच्या गॅरेजात तुमची मोटारसायकल पडून हाय. त्यानं त्याच्या भावाच्या भंगाराच्या टेम्पोवरचा भोंगा काढून दिला, बॅटरी जोडली, सशाचा आवाज पेन ड्राइव्हमधी घातला. म्हणला, "भाई, कोल्हा बोलवायलास का आख्खा तालुका?" मी म्हणलो, तुला यातलं कळत न्हाई. एकदा वाजवून बघू, असंबी तो म्हणत होता. मी म्हणलो, फडातच बघू.

पहाटं उजाडता उजाडता मी तुमच्या फडाच्या कडंला गेलतो. अंगावर शेडनेटची जाळी, तिला पाचट बांधलेलं, तोंडाला काजळी. भोंगा पार दुसऱ्या टोकाला ठेवून चालू केला, परत येऊन आडवा पडलो आन डोळा स्कोपला लावला.

काका, जखमी ससा कसा ओरडतो ते तुमी ऐकलंय का? मी मोबाइलवर ऐकलतं, तिथं चिरकल्यागत वाटतं. भोंग्यातनं आलं तर ते डिट्टो तान्ह्या लेकराचं रडणं. मधी दम लागल्यावानी थांबायचं आन परत टाहो. माझ्याच अंगावर काटा आला. पण मला वाटलं, भारी क्वालिटी हाय.

शेजारच्या फडात टोळी तोडायला लागलेली होतीच. आधी छबुबाईला ऐकू गेलं, ती म्हशीकडं चाललती. ती ओरडली, "अगं बायांनो, उसात लेकरू टाकलंय गं कुणीतरी!" तिचा आवाज भोंग्यापेक्षा मोठा. कोयते खाली पडले, बाया धावल्या, पोलीस पाटील बजरंगआप्पा टमरेल हातात घेऊनच आले. आन सगळ्यांच्या पुढं, पदर खोचून, अनवाणी, आपली काकू.

उठून सांगायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण मी तोंड काळं करून, अंगाला पाचट बांधून, हातात बंदूक घेऊन पडलेला, आन पुढं आख्खं गाव. म्हणलं आधी आवाज बंद करावा, मग निवांत सांगावं. सरीतनं सरपटत गेलो आन वायर उपटली.

तीच चूक झाली. माझ्या डोक्यात भोंगा बंद झाला, पण त्यांच्या कानात रडणारं लेकरू मधीच गप झालं. एकदम. काकू किंचाळली, "गप झालं! गप झालं गं माझं लेकरू!" आन तशीच उसात घुसली.

'माझं' म्हणली, काका. मी ऐकलं.

मी जाळी, बंदूक, भोंगा सगळं पाचटाखाली दडपलं, तोंड पुसलं (काजळी पसरली) आन त्यांच्यात मिसळून शोधायला लागलो. होय. जे न्हाई ते मीबी शोधलं, दुपार होईस्तोवर. हाकाबी मारल्या. तान्ह्या लेकराला हाक काय मारायची ते मला सुचंना, मी "हॅलो, हॅलो" म्हणत होतो. बजरंगआप्पा म्हणले, "अरे त्याला काय फोन आलाय का बे!" आन माझं तोंड बघून म्हणले, "ह्याच्याकडं बघा, रडून रडून काळा पडलाय पोरगा." बायांनी मला पाणी दिलं. ते मी प्यालो.

काकूच्या हाताला, गालाला पात्यांनी चिरा पडल्या होत्या. मी तिच्यामागंच होतो. तेवढ्यात समोरच्या सरीत कोल्हा उभा. खराखुरा. शेपटी खाली, आमच्याकडं बघत. मला त्या वेळी काय वाटलं ते लिहायची लई लाज वाटते, पण लिहितो: वाटलं, बंदूक आत्ता हातात पायजे होती. आन काकूनं त्याला हात जोडले. "धर्मा, कोल्ह्याचं तोंड दिसलं रं! आता लेकरू सापडतंय बघ." सकाळी कोल्हा दिसला की चांगलं होतं, हे तिला तिच्या माहेरचं ठाऊक. तो कोल्हा मी बोलावलेला. (कोल्हा मारला तर जेल हाय, हे मला नंतर जाकीरनं सांगितलं. भोंगा देताना का न्हाई सांगितलं म्हणलं, तर म्हणतो, तुझा नेम मला माहीत होता.)

दुसऱ्या दिवशी टोळी आपल्या फडावर आली तर काकू बांधावर आडवी उभी. म्हणली, आत लेकरू हाय, कोयता लागंल, तोडू देणार न्हाई. मुकादमानं समजावलं, तात्यांनी समजावलं. मी नुसता उभा होतो. टोळी दुसऱ्याच्या फडात गेली. गावात आता कुणी म्हणतं लेकरू जनावरानं नेलं, कुणी म्हणतं आईनंच परत उचललं. काकू रोज पहाटं फडाभोवती चक्कर मारते, मधीच थांबून कान देते. मी गच्चीवरनं बघतो आन खाली बसतो.

मी लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण मागं तिनं दत्तकाचं काढलतं तवा तुमी ताटावरनं उठून गेलतात. मी तवा पलीकडच्या खोलीत होतो. त्या दिवसापासून तिनं ते नाव काढलेलं न्हाई. आता रोज लेकराचं नाव काढते. माझ्यामुळं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, तुमच्या खोलीत लहान कुणी असलं तर.

तुमचाच (अजून म्हणत असाल तर),
धर्मराज

ता.क. – एक काम होतं. तुमी काकूला फोन करून एवढंच सांगायचं की, ते लेकरू सापडलं, बीडला चांगल्या ठिकाणी पोचवलं, दूध पितंय. तुमी सांगितलं तर तिला पटंल. माझं नाव मधी येणार न्हाई, ऊसबी तुटंल. प्लीज काका.

ता.क. दुसरा – वरचं करू नका. पाकीट चिकटवताना काकू आली. म्हणली, काकाला लिहायलास? माझीबी एक ओळ घाल, "लेकरू सापडलं तर मी ते देणार न्हाई, आत्ताच सांगते." पेन हातात घेतलं आन मला ते लिहिता येईना. तिथंच सगळं सांगून टाकलं. ती म्हणली, वाजीव. मोबाइलवर वाजवलं. तिनं डोळे मिटून आख्खं ऐकलं. मग म्हणली, "ससा हाय व्हय हा? बिचारं." आन मला अशी एक ठेवून दिली की डावा कान अजून शिट्टी मारतोय.

ता.क. तिसरा – हे काकू सांगते तसं लिहितोय, माझा एक शब्द न्हाई. "ऊस उद्या तुटंल. रडणं सशाचं होतं, माझं धावणं काय सशाचं नव्हतं. सुट्टी काढून या. बीडला जाऊन दत्तकासाठी नाव लावायचंय, दोघांची सही लागते. ताटावरनं उठायचं असंल तर जेवूनच या." मी म्हणलो, काकू, एवढं कडक लिहू का? तर म्हणती, लिही, कानाखाली द्यायच्या दोन होत्या, एक तुझ्या काकाची राखून ठेवलीय.

या काका. मी स्टँडवर घ्यायला येतो. बोलायचं ते माझ्या उजव्या कानाकडनं बोला, डाव्यानं मला कमी ऐकू येतंय.