गिस्लँचा डावा गुडघा

लांसजवळची खाणवस्ती,
सोमवार, ४ मार्च १९७४

चि. गिस्लँ यास आजीचे पोटभर आशीर्वाद.

काल सगळ्यात आधी आली शेजारची ओर्तांस, डोळे पुसतच. तिचं तरी काय चुकलं? आपल्याकडे सगळे मागल्या दाराने येतात. पुढचं दार वाजवतो तो डॉक्टर, नाहीतर खाणीतून वाईट बातमी आणणारा. तिने दोन कोटवाले पुढच्या दाराशी पाहिले आणि मी गेलेच असं समजून धावली. दार मीच उघडलं, तर म्हणते, "जिवंत आहेस होय? मग कॉफी टाक."

कोटवाले दक्षिणेतल्या त्या मोठ्या फुटबॉल क्लबाचे निघाले! तुला न्यायचं म्हणतात. एक काठी टेकणारे कार्लिएसाहेब, एक तरणा वहीवाला. तीन कप झाले, चौथ्यात मी थोडी जिन घातली. थोडी माझ्याही. मग सांगितलं सगळं. मागचे तीन सोमवार पोरगा येतो, गुडघ्याला मी कोबीची पानं बांधते, की शनिवारी गडी पुन्हा गोल मारायला तयार. कुठला गुडघा, वहीवाल्याने दोनदा विचारलं. डावा म्हटलं. एवढ्या मायेनं चौकशी माझ्या जावयानेही कधी केली नाही.

आज सरावामुळे आला नाहीस, म्हणून लिहिते. जेवत जा. आठवण असू दे.

तुझी आजी झेली

रुआँ, मंगळवार, ५ मार्च

ती. आजीस सा. न.

आजी, काय करून बसलीस! हा गुडघा तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. मी जिनासुद्धा सगळे गेल्यावर उतरतो. अठ्ठावीस वर्षांच्या स्ट्रायकरला असं बोलावणं दुसऱ्यांदा येत नाही. शनिवारी ते माझा खेळ बघायला येणार आहेत आणि मी खेळणार आहे.

ते परत आले तर एवढंच सांग, गुडघा ल्युसियँदादाचा. वयामुळे घोटाळा झाला म्हण. कृपा कर, जिन कपाटातच राहू दे.

रागावलोय, तरी माया आटवू नकोस.

गिस्लँ

खाणवस्ती, गुरुवार, ७ मार्च

चि. गिस्लँ यास आशीर्वाद.

काल कार्लिएसाहेब पुन्हा आले, एकटेच. तुझं पत्र नुकतंच वाचून ॲप्रनच्या खिशात घातलं होतं. तू पढवलंस तसं मी म्हटलं, गुडघा थोरल्याचा, ल्युसियँचा. ओर्तांस बसलेली होतीच. तिला बिचारीला काय माहीत? म्हणाली, "ल्युसियँ तर नाताळापासून बोटीवर आहे की." माझे कान असे तापले म्हणतोस!

साहेब हसले नाहीत. विजार वर करून त्यांनी आपला गुडघा दाखवला. तेही स्ट्रायकरच होते. दुखणं लपवून एक सामना खेळले, तो त्यांचा शेवटचा. म्हणाले, "आजी, गुडघा शिवता येतो. लपवणारा गडी मला नको." शस्त्रक्रिया ते करवून घेतील, ऑगस्टात तुला नेतील. पण सामन्याआधी तू स्वतः तुझ्या प्रशिक्षकाला सांगायचं. हे गिस्लँला लिहू का, मी विचारलं, तर म्हणाले लिहाच.

बाळा, माझी जीभ सुटली हे खरं. पण तू लपवलंस तेही खरंच ना? मला भीती वाटते रे. हे पत्र उद्या तुला मिळो. रागाव हवं तर, पण आपलं मानत जा.

शनिवारी मैदानात उतरलास, तर साहेब तिथूनच दक्षिणेची गाडी धरतील. मैदानाबाहेर बाकावर बसलेला दिसलास, तर रविवारी दुपारी चार वाजता कराराचे कागद घेऊन इथे येतो म्हणालेत.

आजी झेली