भलत्या जागचं अपेंडिक्स

आसेगाव,
रविवार

आदरणीय साडूभाऊ राजपालजी यांस,

आसेगावहून शेषरावचा मनापासून जयभीम. ललिताबाईंना, मुला-सुनेला आणि नातवाला आम्हा दोघांचे आशीर्वाद. इकडे हरभऱ्याला पाणी झालं, तुरीला शेंगा बऱ्या आहेत, म्हैस व्यायली. तुमची तब्येत कशी आहे हे मी मुद्दाम विचारत नाही. विचारलं की माणूस 'ठीक आहे' लिहितो, आणि ते दोन शब्द लिहायला तब्येत ठीक असावी लागत नाही. मी स्वतः अकरा वर्षं तेच लिहीत आलो, म्हणून सांगतो.

फोन करता आला असता. पण तुमच्या घरचा फोन सूनबाई उचलतात आणि तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करून तुमच्या ताटाशेजारी ठेवतात. माझं दुखणं ज्या जागचं आहे, ती जागा ताटाशेजारी ठेवण्यासारखी नाही. शिवाय माझ्याबद्दल शिरपुरात तीन बातम्या पोचल्या असं कळलं. एकीप्रमाणे माझी किडनी गेली, दुसरीप्रमाणे मला हार्टचा झटका आला, तिसरीप्रमाणे मी आपल्याच पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात सापडलो. तिन्ही खोट्या आहेत. (गिरणीचा पट्टा उलट माझ्यापेक्षा जास्त शाबूत आहे.) खरं काय झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून हा कागद.

तर अकरा वर्षांपूर्वी ज्वारीचं पोतं उचलताना माझ्या उजव्या जांघेत काहीतरी सरकलं. दुखलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर सुपारीएवढा फुगवटा. आडवं पडलं की तो आत जायचा, उभं राहिलं की बाहेर यायचा. याला हर्निया म्हणतात हे मला ठाऊक होतं, कारण मंगरूळपीरला दवाखान्याच्या भिंतीवर तसं चित्र होतं, आणि त्या चित्रापुढून मी दर वेळी जरा घाईनं जायचो. पुढे सुपारीचा लिंबू झाला, लिंबाचं संत्रं झालं. मी गिरणीच्या मागच्या खोलीत पोत्यांवर पडायचो, दोन बोटांनी त्याला घरी पाठवायचो, आणि परत येऊन दळण टाकायचो. हे काम मी इतक्या सफाईनं करत होतो की जगात कुणाला पत्ता नाही अशी माझी खात्री होती.

यंदा दिवाळीच्या आधीचा आठवडा. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवसांत गिरणीवर श्वास घ्यायला सवड नसते. भाजणी, बेसन, अनारशाचे तांदूळ, आणि प्रत्येकीला आपलंच आधी हवं. त्या सोमवारी सकाळपासून बेंबीपाशी कळ येत होती. मी ओवा खाल्ला. दुपारपर्यंत कळ खाली उतरून नेमकी त्या संत्र्यात जाऊन बसली. मागच्या खोलीत गेलो, पडलो, दोन बोटं लावली. जाईना. हातही लावू देईना. मग मला वाटलं, पाय उंच केले तर वजनानं जाईल. म्हणून दोन्ही पाय भिंतीवर टेकवून उताणा पडलो, आणि तेवढ्यात रतनसिंग ज्वारीचा डबा घेऊन आत आला. (रतनसिंग म्हणजे तांड्यावरचा, दर मंगळवारी येतो, त्या दिवशी सोमवारीच यायची त्याला बुद्धी झाली.) तो दारात थांबला. मी खालून त्याच्याकडे पाहिलं.

"काय करून राह्यले भाऊ?"

"योगासन," मी म्हणालो.

त्यानं जरा विचार केला आणि विचारलं की हे कायले चांगलं. मी म्हणालो, कमरेले. त्या दिवसापासून तो रोज पाय भिंतीला लावून पडतो आणि त्याची कंबर खरोखर बरी आहे. मला दोनदा दुवा देऊन गेला. खोटं बोलण्याचाही कुणाला असा उपयोग होतो, हे पाहून मला आनंद व्हावा की लाज वाटावी ते अजून ठरलेलं नाही.

मंगळवारी ताप आला, उलटी झाली. मी म्हणालो भाजणीचा वास चढला. तीस वर्षं भाजणी दळणाऱ्या माणसाला तिचा वास चढला, यावर गिरणीत उभ्या असलेल्या आठ बायकांपैकी एकही हसली नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी गरम पाण्याची पिशवीही लावून घेतली. (हे अजिबात करू नये असं नंतर डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, आणि ज्या शब्दांत सांगितलं ते इथे लिहीत नाही.) बुधवारी सकाळी मी मोटर चालू केली आणि डबा उचलायला वाकलो, तो सरळ होताच येईना. तेव्हा आमची भागिरथा घरातून आली, मोटरचं बटण बंद केलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "संघदीप जीप आणून राह्यला. चला."

मी म्हणालो, साधी कळ आहे.

ती म्हणाली, "अकरा वर्साची कळ साधी नसते."

भाऊ, मी तसाच वाकलेला जीपकडे निघालो. जीपमध्ये बसल्यावर, शेलूबाजार मागे पडल्यावर, मी हळूच विचारलं, "तुले कसं मालूम?"

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तुमचे कपडे कोण धुते?"

वाशिमच्या दवाखान्यात सर्जन म्हणून एक मुलगी आली. माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची, केसांना साधा चाप. मी पोराला, संघदीपला, खुणेनं सांगितलं की पुरुष डॉक्टर असेल तर पाहा. खूण त्याच्याआधी भागिरथाला कळली आणि ती म्हणाली, "याइलेच दाखवाचं हाये." डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून आहे. मी म्हणालो, परवापासून. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. भागिरथाकडे पाहिलं आणि तिनं सांगितलेला आकडा लिहून घेतला.

सोनोग्राफी झाली. आतडं हर्नियात अडकलं असावं, लगेच ऑपरेशन करावं लागेल असं ठरलं. संघदीपनं सही केली. पाठीत सुई दिली आणि बेंबीखालचा शेषराव माझा राहिला नाही. मध्ये हिरवं कापड लावलं होतं. मी जागा होतो. वरच्या दिव्याच्या काचेत काही दिसू नये म्हणून डोळे मिटले, पण कान मिटता येत नाहीत. चिमटे वाजत होते, बाई बारीक आवाजात काहीतरी मागत होत्या. मग एकदम त्या बोलायच्या थांबल्या. भाऊ, डॉक्टर बोलत असतो तोवर काही भीती नसते. तो गप्प झाला की माणसाला आपली सगळी पापं आठवतात. मला एक पायली ज्वारी आठवली जी मी चौदा वर्षांपूर्वी चुकून दुसऱ्याच्या पिठात मिसळली होती.

मग त्या भूल देणाऱ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, जरा इकडे येऊन बघा."

मी डोळे उघडून विचारलं, "बाई, जगतो ना मी?"

त्या कापडावरून माझ्याकडे वाकल्या. "जगता काका. आतडं असेल वाटलं होतं, पण तुमच्या हर्नियाच्या पिशवीत अपेंडिक्स येऊन बसलंय. आणि तेच सुजलंय."

"ते तर पोटात रायते ना?"

"राहायला पाहिजे," त्या म्हणाल्या.

असं हजारात एखाद्याचं सापडतं म्हणे. त्यांनी फोटो घ्यायची परवानगी विचारली, पुढे डॉक्टरांच्या सभेत दाखवायला. मी म्हणालो, घ्या, पण मी दाढी केलेली नाही. त्या म्हणाल्या, चेहरा येणार नाही. तर आमच्या घराण्यातला पहिला फोटो, जो शिकल्यासवरलेल्या माणसांच्या सभेत पडद्यावर दिसेल, त्यात मी असून नसणार. (संघदीपला तो हवा होता. मी नको म्हणालो.) अपेंडिक्स त्याच वाटेनं काढलं. आत बिघाड होता म्हणून, हर्नियाला एरवी बसवतात ती जाळी न बसवता, नुसते टाके घालून वाट बंद केली. आणखी दोन दिवस थांबला असतात तर ते तिथेच फुटलं असतं, असं त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्याच म्हणाल्या, आणि माझी चादर नीट करून गेल्या.

आता ज्याच्यासाठी एवढा कागद घेतला ते लिहितो. तिसऱ्या दिवशी दुपारी भागिरथा संत्रं सोलत बसली होती. मी तिला विचारलं, माहीत होतं तर बोलली काहून नाहीस. ती म्हणाली, "तुमी सांगान म्हणून वाट पाहत होती." मग एक फोड माझ्या हातात देत म्हणाली, "पोतं यायचं मी बंद केलं होतं."

मला कळलं नाही. तिनं सांगितलं. सात वर्षांपासून तिनं एकेका बाईला गाठून सांगितलं होतं की दळण पोत्यात आणू नका, डब्यात आणा, दहा किलोच्या वर नको. मालकाले उचलणं बरं नाही, पण त्याइले म्हणू नका. आणि गावभरच्या बायकांनी ते पाळलं. वरच्या गल्लीतल्याही. राजपालभाऊ, सात वर्षं मी समजत होतो की गावातली घरं लहान होत चालली, पोरं पुण्याला गेली, लोक भाकर कमी खायला लागले. मी पारावर, गिरणीत त्यावर बोललोसुद्धा आहे. बायका ऐकून घ्यायच्या.

तुम्हाला गिरणी घेतली तेव्हाचं आठवत असेल. आपल्या वस्तीतली ती पहिली मशीन. पहिली दोन वर्षं गावातल्या काही घरांचं दळण माझ्याकडे आलं नाही. ते शेलूबाजारला जायचं. मग एक पोतं आलं, मग दुसरं. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मनानं घेतलं की माझ्या उंबऱ्यावर आलेलं पोतं मीच उचलीन, एकट्यानं, वाकून नव्हे, ताठ खांद्यावर, आणि कुणाला हात लावू देणार नाही. हा हट्ट बरोबर होता की चूक, यावर मी दवाखान्यात आठ दिवस विचार केला. बरोबर होता असं मला अजूनही वाटतं. फक्त तो अमुक एका दिवशी संपवायचा असतो, आणि तो दिवस माझ्या लक्षात आला नाही. मी ज्यांच्यापासून गोष्ट लपवत होतो, तीच माणसं ती माझ्यापासून लपवत होती, आणि त्यांचं लपवणं माझ्यापेक्षा चांगलं होतं.

आता तीन महिने वजन उचलायचं नाही. संघदीप गिरणी पाहतो, पीठ जरा जाड काढतो. मी खुर्ची टाकून बसतो. पहिल्या दिवशी एका म्हातारीनं माझ्यासमोर स्वतःचा डबा स्वतः वर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ठेवा.

असो, फार लांबलं. ललिताबाईंना सांगा, म्हशीचा खरवस तुमच्या आठवणीत खाल्ला.

आपला साडू,
शेषराव

ता. क. १ : तुम्ही मला भेटायला वाशिमला आला होता, आणि दवाखान्याच्या गेटवरूनच संघदीपच्या हातात सफरचंदं देऊन परतलात. 'बस चुकेल' म्हणालात. दुपारी दोन वाजता शिरपूरची कोणती बस चुकते, हे मी विचारत नाही. आमच्या पिंकीच्या लग्नात मात्र तुम्ही माझ्या शेजारी बसला होता. खोकला यायच्या आधी तुमचा उजवा हात खाली जातो आणि तिथे धरून ठेवतो. तो हात कशासाठी जातो हे ओळखायला मला डॉक्टर लागत नाही. येत्या गुरुवारी त्याच बाईंना दाखवायचं. ऑपरेशन ठरवून केलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडतात.

ता. क. २ : वर मी स्वतः ओळखलं असं लिहिलं आहे ते अर्धं खरं आहे. ललिताबाईंनी भागिरथाला चार वर्षांपूर्वीच सांगितलं. हे पत्रही त्यांच्याच सांगण्यावरून लिहितो आहे. त्यांनी दोनच ओळी लिहायला सांगितल्या होत्या.

ता. क. ३ : गुरुवारचा नंबर तुमच्या नावानं लावून ठेवला आहे, चौथा. सकाळी साडेनऊला मी वाशिमच्या स्टँडवर, रसवंतीपाशी उभा राहीन. मुला-सुनेला सांगा की साडूला टाके दाखवायचे आहेत, एकटा जायला घाबरतो, म्हणून सोबत चाललो. माझे टाके कधीच निघाले, हे ललिताबाईंना माहीत आहे. त्या काही बोलणार नाहीत.