वांझ म्हणून तोडलेली एकोणीस झाडं

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. आईचं गुडघ्याचं तेल संपलं असेल, येताना आणते.

बाबा फोनवर हसतात, "एवढं शिकून फुलंच मोजायची होती, तर परसात काय कमी होती?" त्यांना सांग, आमच्या अभ्यासाला रानाचे सोळा तुकडे आखलेत, विषुववृत्ताजवळच्या रानापासून थेट उत्तरेच्या थंड रानापर्यंत. उत्तरेला बरीचशी फुलं बारीक, बिनरंगी. पराग वाऱ्यावर सोडून मोकळी. दक्षिणेकडे उतरावं तसं ते काम किडे-पाखरांकडे जातं, बिया मोठ्या होतात, आणि नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, असंही जास्त दिसतं.

गेल्या आठवड्यात दक्षिण टोकाच्या तुकड्यात होते. तिथल्या म्हाताऱ्या वनरक्षकाच्या वहीत एकोणीस झाडांपुढे एकच शब्द: वांझ. फळणाऱ्या झाडांना जागा व्हावी म्हणून ती आठ वर्षांपूर्वी तोडली. त्यांची दाबून वाळवलेली फुलं कार्यालयाच्या कपाटात सापडली. भिंगाखाली धरली, तर नुसते पुंकेसर. एकोणीसही नर.

"फळ धरत नव्हती, म्हणून तोडली मॅडम. आणखी काय तपासायचं?"

"आणि जी ठेवली ती?"

"ती दर वर्षी फुलतात, पण ही एकोणीस तोडल्यापासून एक फळ नाही. तीही वांझच निघाली बघा."

मला हसू आलं आणि तिथेच विरलं. त्या सुरातलं बोलणं मी आपल्या घरात ऐकलंय.

तुझ्या आणि वहिनीच्या तपासणीचे, दवाखान्याचे ते दोन कागद आठवतात ना? आई म्हणाली होती, "वाच गं, शिकलेली." ओट्याशी वहिनी उभी, हातात ओलं फडकं. तिचा कागद मी पूर्ण वाचला. तुझ्या कागदावरची शेवटची ओळ गाळली आणि म्हणाले, दोघांचंही चांगलं आहे. दोघांचंही चांगलं म्हटल्यावर दोष आपोआप तिच्या पदरात पडला. चार महिन्यांत तिला माहेरी पोचवलंत. निघताना ती मला म्हणाली, "तू तरी वाचलंस सगळं नीट." ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

दवाखान्याच्या जिन्यात तू म्हणाला होतास, "खालची ओळ घरात नको. तुझ्या कॉलेजसाठी मी बाबांशी भांडलोय, विसरू नको." नाही विसरले. म्हणून तर वाचली नाही. माझ्या कॉलेजचा फॉर्म भरायला मात्र दिवसभर रांगेत माझ्यासोबत ती उभी होती, तू नव्हतास.

आता आई कळवते, दुसरी मुलगी पसंत पडली, रविवारी बोलणी आहेत. तुझी अटही सांगितली तिने: जास्त शिकलेली नको. अट कशासाठी, ते आईला कळलं नसेल. मला कळलं.

तुझा तो कागद माझ्याकडेच आहे, पदवीच्या फायलीत. एक प्रत काल वहिनीला पाठवली, माफीसुद्धा न मागता. कोणत्या तोंडाने मागू? दुसरी प्रत या पाकिटात आहे.

रविवारच्या आत तू स्वतः मुलीकडच्यांना सांग. नाहीतर मी बोलणीच्या वेळी घरात असेन, आणि कोणी 'वाच' म्हणायची वाट न पाहता अगदी खालपर्यंत वाचेन.

आईबाबांना नमस्कार.

एक ओळ गाळून वाचणारी,
तुमची शिकलेली