जळजळ थांबली तो दिवस

आण्णा, माझेही पाय जळायला लागलेत. तुमच्याशिवाय हे कुणाला नीट कळणार, म्हणून लिहायला बसले. शाळेत उभं राहून शिकवताना फारसं जाणवत नाही, घरी येऊन पाय वर घेतले की सुरू. मिरच्या कुटल्यावर हातांची होते ना, तशी आग तळव्यांची. इथं नांदेडात जो तो आपलं औषध सांगून मोकळा होतो. शेजारीण म्हणते मेंदी लावा, जाऊ म्हणते उष्णता आहे, सब्जा प्या. तुमचे जावई म्हणतात, "वय झालं आता तुझं." स्वतः जसे काही कालच कॉलेजातून सुटलेत!

तुमच्या वेळी कारण सगळ्या गल्लीला पाठ होतं. तुम्ही लाल गाडीचे ड्रायव्हर, दिवसभर पायाशी तापलेलं इंजिन. "इंजिनाची गरमी पायात उतरली," असं डेपोतले सगळे म्हणायचे, तुम्हीही म्हणायचात, आणि म्हणताना थोडा तोराही असायचा. चाकूरच्या घरी ड्यूटीवरून आलात की खाकी पँट गुडघ्यापर्यंत वर घेऊन शहाबादी फरशीवर तळवे टेकवून बसता. "पाय न्हाईत गं माय हे, तवा हाय तवा. टाक भाकर." मी खिदळते. आई काशाची वाटी आणि तूप घेऊन येते, तळवे घासत राहते, आणि तूप काळं पडलं की आम्हाला हाक मारून दाखवते. "बघा, किती गरमी निघाली! इंजिन पिऊन आलाय तुमचा बाप." तुम्हाला सारखी तहान लागायची, माठ बघता बघता तळाला जायचा, तेसुद्धा इंजिनाच्याच नावावर. साखर तपासा, असं कुणीच म्हणालं नाही. गोडमिट्ट चहा मात्र प्रत्येक स्टँडवर कुणी ना कुणी मायेनं पाजला.

मग तुम्ही रिटायर झालात आणि पुढच्या उन्हाळ्यात जळजळ थांबली. मी तेव्हा माहेरी आले होते, म्हणून तो दिवस डोळ्यांपुढं आहे. तुम्ही सकाळी अंगणातून आत आलात आणि आईला म्हणालात, "अगं, पाय गार पडले की. कायबी वाटंना झालंय." आईला तर आनंद कुठं ठेवू अन् कुठं नको असं झालं. तिनं शिरा केला, गल्लीत वाटला. "गाडी सुटली, गरमी सुटली," असं दारोदार सांगत फिरली. मीही चाटूनपुसून खाल्ला. आण्णा, त्या शिऱ्याचा मला आजही राग येतो. आम्ही कशाचं तोंड गोड करत होतो, सांगा ना!

त्यानंतर देवणी गावातलं ते लग्न. तुमच्या जुन्या कंडक्टरच्या लेकीचं. भर दुपारी जेवणं झाली आणि तुम्ही डांबरी रस्ता ओलांडून माझ्याकडे आलात. मी म्हटलं, "आण्णा, एक चप्पल कुठंय?" तुम्ही म्हणालात, "हाय की पायात." मग खाली बघितलंत. उजवा पाय अनवाणी होता, आणि त्या डांबरावर मला चपलेतूनही चटका बसत होता. तुम्ही हसलात. "आयला, कधी गेली?" तळव्याला फोड आला होता आणि तुम्ही आपलाच पाय दुसऱ्याचा असल्यासारखा निरखत होतात. आईनं त्या फोडावर हळद दाबली. पुढं तो चिघळला, बोट गेलं, मग लातूरच्या दवाखान्यात पाऊल गेलं, आणि दिवाळी तुम्ही पाहिली नाहीत. साखरेचं नाव आपल्या घरात पहिल्यांदा त्या दवाखान्यात निघालं.

माझं मात्र वेळेत निघालं, असं आपलं मी म्हणते. साखर आहे, बी-बारा व्हिटॅमिनपण कमी आहे. डॉक्टरीणबाई माझ्या पोरीएवढी, पण बोलायला स्पष्ट. गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, घरातसुद्धा चप्पल घाला म्हणाली, गरम पाण्यात पाय बुडवू नका, रोज आरशात तळवे बघा. मी आईच्या वाटीचं विचारलं. म्हणाली, "हळू हातानं चोळा, बरं वाटेल. पण ते काळं म्हणजे गरमी नाही हो मॅडम, काशाचं आणि तुपाचं घासून होतं ते." मला पटेना. घरी येऊन तुमच्या जावयांच्या धडधाकट पायावर वाटी घासली. तेवढंच काळं! ते म्हणाले, "काय निघालं?" मी वाटी धुवायला गेले आणि मोरीत उभी राहून रडले.

बाईंनी आणखी एक सांगितलं. जळतंय तोवर नस ओरडतेय, तिचं ऐका. औषधानं आग कमी झाली तर चांगलंच, पण पाय बधिर झाला तर धावत या. तेव्हापासून मी रोज आग आहे ना, हे चाचपत असते. कुणी विचारलं पाय कसे आहेत, तर "जळतात हो," असं जवळजवळ आनंदानं सांगते. लोकांना वाटतं बाई चळली.

हे पत्र कुठं टाकणार? शेवटचं तेवढं लिहिते, कारण जावयांना सांगितलेलं नाही. बाईंनी मला डोळे मिटायला लावले होते. एक बारीक नायलॉनचा दोरा पायाला ठिकठिकाणी टेकवत होत्या, कळलं की 'हो' म्हणायचं. कॉपी करणाऱ्या पोरांच्या मागं मी जन्मभर छडी घेऊन फिरले, आण्णा. पण डोळे नीट मिटलेच नव्हते मी. करंगळीपाशी त्यांचा हात थांबलेला दिसला, म्हणून मी हो म्हणाले. तिथं मला काहीच कळलं नव्हतं.