एकविसावी ओळ आणि सासूबाई

स्कारबरो,
१४ फेब्रुवारी २००९

श्यालकश्रेष्ठ राजनराव यांस दीनानाथाचा सप्रेम नमस्कार.

व्हँकुव्हरला पाऊस चालू असेलच, आणि त्यात तुम्ही कोरडे असाल अशी आशा आहे. इकडे रोज दारातला बर्फ शोव्हल करणे चालू असल्यामुळे कंबर सोडून सर्व कुशल. तुमची भगिनी उल्का माझ्या चुकांची नोंद ठेवण्यात मग्न आहे. तुमच्या मातोश्रींविषयी मात्र सविस्तर लिहावे लागेल.

आईंच्या पंचाहत्तरीला मी एक पातळ, रुंद टीव्ही आणला. (जुना, पोट सुटलेला, उल्काने फूटपाथवर ठेवला, दहा मिनिटांत त्याला सद्गती मिळाली.) आईंच्या दोन्ही कानांनी कधीच सेवानिवृत्ती घेतली आहे, हे तुम्ही जाणताच. श्रवणयंत्र डब्यात, डबा कपाटात, किल्ली आईंकडे. त्यांची सगळी मदार पडद्याखाली उमटणाऱ्या इंग्रजी अक्षरांवर, आणि नव्या टीव्हीवर ती येईचनात. कोर्टाच्या मालिकेत खुनाचा खटला ऐन रंगात आलेला, आणि वकील नुसते माशासारखे तोंड उघडून मिटताहेत.

आमच्या बेसमेंटमध्ये राहणारा वसईचा सिरील केबल कंपनीत आहे. त्याने सांगितलेले शास्त्र ऐकण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीचे चित्र म्हणे सव्वापाचशे ओळींचे. त्यातल्या पहिल्या वीसेक कोणालाच दिसत नाहीत. पडद्यावर चित्र रेखत तळाशी पोचलेल्या किरणाला पुन्हा वर चढायला लागणारा तो वेळ. त्याला लागून असलेल्या एकविसाव्या ओळीत अक्षरे लपवून पाठवतात, दर चित्रामागे दोनच, आणि सेकंदाला चित्रे तीस, म्हणजे अक्षरे साठ. प्रत्येक अक्षराला एक आणि शून्याचे सात अंक, आठवा राखणीला. एकांची संख्या सम आली तर त्यात एक आणखी घालून ती विषम करायची (आपण आहेराच्या पाकिटात वर रुपया घालतो तसे). वाटेत एखादा अंक बिघडला की विषमाचे सम होते आणि टीव्हीला लबाडी कळते. आपल्या वेदपाठींनी जटापाठ, घनपाठ याचसाठी केले, असे मी म्हणालो.

तर सिरील म्हणाला, "ते असेल हो दीनानाथ, पण तुमची नवी वायर फक्त दिसतं तेवढं चित्र नेते. एकविसावी ओळ तिच्यात चढतच नाय. आता केबलच्या डब्यालाच अक्षरं लिहायला लावा. त्याच्या मेनूत आहे, देऊ करून?"

मी पाहतो, असे मी म्हणालो.

डब्याच्या माहितीपुस्तकाची पाने एकशेचाळीस. ग्रंथ मधूनच उघडू नये हा आमच्या पाठशाळेचा संस्कार, म्हणून मुखपृष्ठापासून आरंभ केला. आज त्रेचाळिसाव्या पानावर, म्हणजे 'डबा पाण्यात बुडवू नये' इथवर, आलो आहे. तोवर आईंची एकविसावी ओळ मीच. संध्याकाळी शेजारी बसून संवाद मराठीत वहीत लिहून दाखवतो. वकील 'गेट आउट' म्हणून ओरडतो, मी 'आपण बहिर्गमन करावे' असे लिहितो, तोवर साक्षीदार मरून साबणाची जाहिरात लागलेली असते. सोमवारी आईंनी वही मिटली. "जावईबापू, तुमची गाडी फार मागून येते. राजनकडे अक्षरं दिसतात. मी जाते तिकडेच."

माझे काही म्हणणे नाही. हवापालट चांगलाच, शिवाय सोफ्यावर जागा होईल. सौ.ना नमस्कार, मुलांना आशीर्वाद (त्यांचे 'हाय' पोचले असे समजतो).

आपला,
दीनानाथ

ता. क. : तिकिटाविषयी आईंचे तुम्हाला पत्र येईल. तुमच्याकडेही अक्षरे दिसत नाहीत, असे उलटटपाली कळवावे. हे असत्य आहे, पण शास्त्रात अशा असत्याला सूट आहे. वचन सापडले की पाठवतो. त्या गेल्या, तर त्या मालिकेत कोण कोणाचा कोण हे मला सांगणार कोण?

ता. क. : राजन, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून वाचलं. अक्षरं मंगळवारीच परत आली. सिरीलच्या लेकीने, शर्लीने, दोन मिनिटांत डब्यातून सुरू करून दिली. दुपारी जावईबापू कामावर असताना मी भाग नीट बघते. संध्याकाळी तोच भाग पुन्हा लागतो, तेव्हा अक्षरं बंद करून यांच्यासमोर वही धरते. काल न्यायाधीशाने खुन्याला पुराव्याअभावी सोडला. यांनी वहीत त्याला जन्मठेप दिली, वर दोन ओळींचा उपदेश. सोमवारी तो खुनी मोकळा फिरताना दिसेल, तेव्हा हे काय लिहितात ते मला बघायचंय. तिकीट काढू नकोस. – आई