पाठीवरची ओल

ता. ४

प्रिय सौ. हिस,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व क्षेम, म्हणजे दोन माणसं एका घरात तोंड फिरवून बसलीत याला क्षेम म्हणत असशील तर.

तुझ्या लेकीने माझ्यावर इस्टेट एजंटांच्या संघटनेत तक्रार ठोकली आहे. होय, जन्मदात्या बापावर! घर विकणाऱ्याचा एजंट मी, घेणाऱ्या मास्तरांची एजंट ती. म्हणे मी मागच्या खोलीतली ओल लपवली. अगं, मी फक्त भिंतीला टेकून उभा होतो. या वयात माणसाने टेकूही नये? परवाना गेला तर काय करू, तिच्या ऑफिसात चहा देऊ?

त्यात नियम असा, की निकाल लागेपर्यंत दोन्ही पक्षांनी एकमेकांशी फक्त लेखी बोलायचं. नियम मीच संघटनेत मंजूर करून घेतलेला, कारण एजंट मंडळी फोनवर एकमेकांचा उद्धार करायची. आता आमच्याकडे मीठसुद्धा चिठ्ठी लिहून मागावं लागतं.

तुझ्या बहिणीचा पाय कसा आहे? आणि सहज विचारतो, निळ्या शर्टावरचा चुन्याचा डाग कशाने जातो?

लोभ आहेच, तो चौकशीतही टिकावा.

तुझा,
आरोपी

ता. ६

ती. आईस,

सा. न. वि. वि. बाबांनी तिखटमीठ लावून कळवलंच असेल. आता माझं ऐक.

मास्तरांना मागची खोली हवी आहे ती त्यांच्या आईसाठी. तिला दमा आहे. आणि बाबा आपले अख्खा वेळ भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभे! मास्तर डावीकडे सरकले की बाबाही डावीकडे. मला वाटलं, कंबर धरली. घरी येऊन पाठमोरे झाले तर शर्ट ओलाकच्च आणि पांढरा. म्हणे घाम. घाम पांढरा येतो का गं?

मास्तरांना सांगून टाका म्हणून किती विनवलं. त्यांनी विचारलं तर सांगेन, म्हणाले. न विचारताही सांगायचं असतं, हे मला शिकवलं कुणी? यांनीच! मग केली तक्रार, रडत रडत केली.

काल चिठ्ठी आली, की प्रतिपक्षाने आंघोळीचं गरम पाणी संपवल्याबद्दल तीव्र निषेध. हसू येतं, पण त्यांचा परवाना गेला तर मी कुठल्या तोंडाने घरात वावरू? आणि मी गप्प बसले असते तर त्या म्हातारीचं काय?

तुझी माया दोन्ही पक्षांवर सारखी असू दे.

तुझी,
छकुली

ता. ९

चि. छकुलीस आशीर्वाद, आणि अहो, तुम्हांला नमस्कार.

एकाच पाकिटात लिहिते, नाहीतर माझ्यावरही तक्रार व्हायची.

छकुले, बाप आहे म्हणून गप्प बसली असतीस तर मीच कान पिळला असता. पण गरम पाणी त्यांना ठेवत जा.

अहो, चुन्याचा डाग कशाने जातो ते मला ठाऊक आहे. सांगणार नाही.

ताईचा पाय सुधारतोय. मी येईपर्यंत निदान जेवायला तरी एकत्र बसा.

दोघांत जीव अडकलेली,
आई

ता. १२

ती. आईस,

सा. न. वि. वि. सुटलो एकदाचे!

संघटनेच्या तडजोड समितीपुढे बाबा आले ते तोच निळा शर्ट घालून. न धुतलेला! अध्यक्षबाईंनी त्यांना त्यांची बाजू विचारली. बाबा उठले आणि सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. बाबा मात्र हसले नाहीत. वळून मास्तरांना म्हणाले की ओल मला दिसली होती, सांगायला हवी होती, चुकलो.

विकणारा वरचा गळका पाइप बदलून भिंत दुरुस्त करून देणार. मास्तर पुन्हा पाहून काय ते ठरवतील. बाबांना लेखी समज मिळाली, परवाना शाबूत आहे.

आता बोलायला मोकळीक होती, पण वाटभर दोघांनाही शब्द फुटेना. कुलूप उघडताना बाबा हळूच म्हणाले, की छकुले, मीठ संपलंय. मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडले.

आता लवकर ये, दोघांचीही बडबड ऐकायला.

तुझी,
छकुली

ता. क. मीठ आणलं. डाग कशाने जातो ते आता सांगू नकोस, शर्ट तसाच ठेवणार आहे. – बाबा