आकडा उतरतो आहे

मंगळवार, ९ जानेवारी १९७३

नागपूरला आलो, खोली मिळाली, आणि खोली झकास आहे! आरमोरीहून निघताना देवकीने डोळ्यांना पदर लावला होता, जणू मी परत येणारच नाही. तिला आजच कार्ड टाकतो की तुझ्या नवऱ्याला जरीपटका वस्तीच्या अलीकडच्या एका गल्लीत सरदारासारखी जागा मिळाली आहे. खिडकीतून थेट खाटेवर ऊन येतं. गल्लीच्या तोंडाशी नत्थूचा सायकलरिक्षा उभा असतो. तो मला दर मंगळवारी दवाखान्यात नेईल.

घरमालकीण तुळसाबाई, वय पंचावन्नच्या आसपास, एकटीच राहते. तिचा नवरा धोंडबा गिरणीत कामाला होता. तीन वर्षांपूर्वी गेला, तोही माझ्याच आजाराने. हे ऐकून मी दचकायला हवं होतं, पण उलट बरंच वाटलं. आधीच्या दोन घरमालकांनी दवाखान्याचा कागद पाहिल्याबरोबर खोली कालच दिल्याचं सांगितलं होतं. हिला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. कागदावरचा आकडा बोटाने शोधून म्हणाली, "एक लाख शायशी हजार. आमच्या ह्यायचे तं दोन लाखाच्या वर होते. उतरतीन गा मास्तर, फिकर नका करू."

आकडा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा. डॉक्टरांनी मला चौथीतल्या पोरासारखं समजावलं. चांगल्या माणसात सात-आठ हजार पेशी असतात, तुमच्यात फुकटखाऊंची फौज माजली आहे, या बारक्या पांढऱ्या गोळ्या ती मोडतील. रोज दोन गोळ्या, दर मंगळवारी रक्त. आकडा वीस हजारांखाली आला की गोळ्या बंद. मग महिनाभर तो धड राहिला की घरी.

जूनमध्ये शाळा उघडते. माझी शामला यंदा चौथीत येणार, म्हणजे माझ्याच वर्गात. तिला बापानेच शिकवायचं असं आमचं दोघांचं ठरलं आहे. रोगाचं नाव एकदाच लिहितो, रक्ताचा कर्करोग, आणि पुन्हा लिहिणार नाही.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

एक लाख बारा हजार! पोटात डावीकडे जो दगड बसल्यासारखा वाटे तोही लहान झाला आहे.

रक्त तपासणाऱ्या प्रेमलताबाईंची आता ओळख झाली. सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवतात, काचेवर बारीक चौकटी असतात, त्या चौकटींतल्या पेशी डोळ्यांनी मोजायच्या. तुमची एक चौकट संपेपर्यंत माझी मान मोडते, असं त्या हसत म्हणाल्या. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात तुमची मान वाचवतो.

घरी येताच तुळसाबाई दारातच उभी. काय विचारणार ते ठाऊकच होतं. आकडा उतरला की ती खीर करते, वेलदोडा घातलेली, दाट. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने आकडा लिहून ठेवते आणि एखाद्या हुशार मुलाकडे पाहावं तशी त्याच्याकडे पाहत राहते. तिच्या पोटी मूल नाही. वाटतं, यंदा तिला मीच मिळालो आहे.

मंगळवार, २० मार्च

अठरा हजार चारशे. गोळ्या बंद! डॉक्टरांनी उरलेल्या गोळ्यांची पुडीसुद्धा काढून घेतली. त्या औषधाचा जोर बंद केल्यावरही दोन-तीन आठवडे टिकतो, म्हणून वेळेवर थांबावं लागतं.

ही बातमी सांगताना मला वाटलं, आज दुप्पट खीर होणार. पण तुळसाबाईच्या हातातली पळी खाली पडली. "थांबवल्या?" एवढंच म्हणाली. मग चुलीकडे तोंड करून सांगू लागली. धोंडबाच्या गोळ्याही अशाच थांबवल्या होत्या, त्यानंतर महिनाही पुरा झाला नाही तोच गेला. मी खडू हातात असल्यासारखं तिला सगळं समजावलं. ती मान डोलवत होती. वीस वर्षं शाळेत काढल्यावर न कळता डोलणारी मान मला ओळखता येते, पण जेवायची वेळ झाली होती, मी फार ताणलं नाही.

जेवणानंतर ती दुधाचा पेला घेऊन आली. आता औषध नाही तर अंगात ताकद तरी पाहिजे, रोज दोन्ही वेळा दूध घ्यायचं, असं म्हणाली. घेतलं.

मंगळवार, ३ एप्रिल

आठ हजार नऊशे. चारचौघांसारखा आकडा! प्रेमलताबाईंनी हात जोडले. डॉक्टरांनी मात्र भुवई जराशी वर केली आणि पुढच्या मंगळवारी बघू म्हणाले. घरी खीर झाली. देवकीला कार्ड टाकलं.

मंगळवार, १० एप्रिल

तीन हजार सहाशे. डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, खरं सांगा, गोळ्या कुठून आणून घेता का? मला राग आला. मी शिक्षक आहे, खोटं बोलत नाही, असं म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला की नाही कोण जाणे.

आता सगळंच उलटं झालं आहे. पांढऱ्या पेशी म्हणजे अंगाचे राखणदार, ते फार कमी झाले तर साधी सर्दीही माणसाला घेऊन जाते. म्हणून नियम: बाहेरचं काही खायचं नाही. कच्चं काही नाही. उकळलेलं पाणी, ताजं अन्न, तेही एकाच स्वच्छ हातचं. गर्दीत जायचं नाही, कुणाला खोलीत घ्यायचं नाही, गावाकडच्या माणसांनाही नाही. ताप आला की तडक दवाखाना.

घरी येऊन तुळसाबाईला हे सांगितलं. तिने एकदाच ऐकलं आणि घडाघडा म्हणून दाखवलं. माझ्या वर्गात असा विद्यार्थी झाला नाही.

मंगळवार, १७ एप्रिल

पंधराशे. प्रेमलताबाईंनी दोनदा मोजलं. पूर्वी एका चौकटीत मान मोडायची, आज साऱ्या काचेवर शोधत फिरावं लागलं, म्हणाल्या. हसल्या नाहीत.

नडग्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके उठले आहेत. दात घासताना रक्त येतं. डॉक्टर म्हणाले, रक्त गोठवणाऱ्या पेशीही घसरल्या. वॉर्डात विषमज्वर आणि काविळीचे रोगी खाटेला खाट लावून आहेत, तिथे ठेवलं तर आठ दिवसांत संपाल, घरीच राहा.

आणि घरी खीर! मी ओरडलोच. बाई, आता आकडा उतरणं वाईट आहे, हे किती वेळा सांगू? ती शांतपणे वाटी खाली ठेवत म्हणाली, "बिमारी तं याच पेशींची हाये ना मास्तर? मंग उतरल्या तं रडून काहून राहिले?"

खीर खाल्ली. तिच्यावर रागावल्याचं वाईट वाटत होतं.

रविवार, २२ एप्रिल

देवकी येऊन गेली. मला आज सकाळी नत्थूने खिडकीबाहेरून सांगितलं. काल दुपारी मी झोपलो होतो, देवकी शामलाला घेऊन दाराशी आली होती, तुळसाबाईने उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. डॉक्टरची मनाई हाये म्हणाली. नियम माझेच, मीच शिकवलेले, काय बोलणार? देवकीने आणलेली चारोळी तिने उकिरड्यावर टाकली, कच्ची होती म्हणून.

शामला दाराबाहेर होती आणि मी झोपलो होतो. फार रडलो.

मंगळवार, २४ एप्रिल

सहाशे.

डॉक्टर म्हणाले, कोपऱ्यातली वेगळी खोली रिकामी करवतो. पुढचा मंगळवार एक मे, सुट्टी. बुधवारी दोन तारखेला या, भरतीच करतो. कसेही या.

तुळसाबाईने भिंतीवर लिहिलं. मग हिशेब विचारावा तसं विचारलं, आता सहाशेच राहिले ना? शून्य कवा होईन?

मी हसलो. थोड्या वेळाने ते हसणं मलाच नकोसं झालं.

शुक्रवार, २७ एप्रिल

तोंड आतून सोललं आहे. गिळताना डोळ्यांत पाणी येतं. आवाज बसला. अंग तापलं आहे, पण बाहेर सगळं नागपूरच तापलं आहे. तुळसाबाई म्हणते, ऊन लागलं, दुसरं काही नाही. कपाळावर ओला फडका ठेवते, पंख्याने वारा घालते, दमत नाही. थर्मामीटर कुठे गेला ते तिला माहीत नाही म्हणते.

दूध संपवता आलं नाही. पेल्याच्या तळाशी पांढरी भुकटी होती. बोटाने चाखली. साखर नव्हती.

शनिवार, २८ एप्रिल

पाहिलं.

दुपारी भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. ती पाठमोरी बसली होती. खलात चार गोळ्या. बारक्या, पांढऱ्या. ओळखतो मी त्या, अडीच महिने गिळल्या आहेत. शेजारी दवाखान्याची बाटली, चिठ्ठीवर धोंडबाचं नाव आणि सन १९७०. बाटलीचा तळ दिसत होता.

मला वाटलं ती घाबरेल, लपवेल. ती माझ्याकडे वळून हसली. बरं झालं म्हणाली, आता लपवायचं काम नाही. वीस मार्चपासून रोज देते आहे. डॉक्टरने थांबवल्या म्हणून धोंडबा गेला, असं तिचं ठाम मत आहे. तेव्हा तिने ऐकलं, गप्प बसली, आणि नवरा गेला. "आता नाई ऐकणार गा मास्तर. पाप एकदाच होते. शून्य होऊ द्या, बिमारी मुळासकट जाते का नाई पाहा."

मी सांगितलं की ती मला मारते आहे. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. धोंडबाही शेवटी असंच बोलायचा म्हणाली, तापात.

ती दुष्ट असती तर बरं झालं असतं. दुष्ट माणसाला गयावया तरी करता येते.

रविवार, २९ एप्रिल

खोलीचं दार बाहेरून लावलं आहे. संसर्ग नको म्हणून.

खिडकीशी जाऊन हाक मारली. हाक कसली, घोगरी फुंकर. भर दुपार, बाहेर वणवा, साऱ्या गल्लीने दारं-खिडक्या बंद करून वाळ्याचे पडदे सोडलेले. कुत्रंही नाही. सकाळी आणि संध्याकाळी ती माझ्याजवळच बसते.

तिच्या हातचं काही घेणार नाही. दूध नाही, भात नाही. पेला भिंतीवर फेकला. तिने गुपचूप फरशी पुसली आणि दुसरा आणला.

सोमवार, ३० एप्रिल

नाकातून रक्त. तासभर थांबत नव्हतं. तिने मांडीवर डोकं घेतलं, बर्फ आणला. आई गेल्यावर इतक्या मायेने कुणी धरलं नव्हतं. आणि मी त्या मांडीवर पडून विचार करत होतो की बुधवारपर्यंत फक्त दोन दिवस —

बुधवारी नत्थू येईल. बुधवारी डॉक्टर.

मंगळवार, १ मे

दोन दिवस पाणी नाही. ओठ चिरले. हुडहुडी, मग आग, मग हुडहुडी. चटईवर देवकी बसलेली दिसली, बोललो, नव्हती.

भिंतीपलीकडे कोळसा घासल्याचा आवाज. माझं रक्त कुणी मोजलं नाही, तरी ती लिहिते आहे. एकच आकडा, गोल, पुन्हा पुन्हा —

खिरीचा वास येतो.

बुधवार, २ मे

नत्थू आला. घंटी ऐकली. उठायला गेलो, खाटेवरून पडलो, हाक फुटली नाही. ती दारात त्याला सांगत होती — स्पष्ट ऐकू आलं — मास्तर बरे होऊन राहिले, काल गावाले गेले, बायको नेऊन गेली.

नत्थू म्हणाला, चांगलं झालं.

घंटी गेली. लांब. गेली.

ती आत आली. मला उचलून खाटेवर ठेवलं. माझ्यात वजन राहिलं नाही. गडूभर पाणी आणलं आहे, गार, माठातलं. म्हणते, यात काहीच नाही मास्तर, बाटली तर कालच संपली, शपथ आहे मला त्यांची.

खरं असेल. खोटंही असेल. पाण्याचा रंग —

शामला, तुझा बाप गावाला निघाला नव्हता. हे कुणीतरी तिला —

तिने गडू ओठाला लावला. किती गार आहे. मी तोंड उघडणार नाही —